मूल बोलतंय, पण त्याला समजतंय का? मुलांमधला भाषाविकार कसा तपासतात

फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनं मुलांच्या वाढीच्या टप्प्यांची आपली यादी नव्यानं काढली आणि तिच्यातल्या एका ओळीवरून बरीच खडाजंगी झाली. ‘सुमारे ५० शब्द बोलतं’ हा टप्पा तिथे ३० महिन्यांसमोर लिहिला होता. स्पीच थेरपिस्ट मंडळी वर्षानुवर्षं हाच आकडा २४ महिन्यांना धरत आली होती. सहा महिने जास्त वाट बघितली तर गरजू मुलं हातची निसटतील, अशी टीका झाली. संस्थेचं म्हणणं असं, की जुन्या याद्यांत साधारण निम्म्या मुलांना जे जमतं ते लिहिलेलं असायचं. नव्या यादीत चारांतल्या तीन मुलांना जे जमतं तेच घेतलंय, म्हणजे टप्पा चुकला तर ‘बघू अजून थोडे दिवस’ म्हणायला जागाच राहू नये.

कोण बरोबर, हा वाद तज्ज्ञांवर सोडू. गंमत अशी, की त्यात दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट धरून ठेवली होती: तोंडातून बाहेर पडणारे शब्द. मुलाच्या भाषेबद्दल घरात काळजी सुरू होते तीसुद्धा तिथूनच. बोलणं ऐकू येतं, म्हणून ते मोजलं जातं. समजणं मात्र कुणालाच दिसत नाही. ते बाहेर आणण्यासाठी मुद्दाम प्रसंग रचावे लागतात. भाषाविकाराची तपासणी म्हणजे मुख्यतः असे प्रसंग रचण्याचं काम आहे.

## उच्चार वेगळे, भाषा वेगळी

‘लाजानं हलणाला सोडलं’ असं म्हणणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला ‘र’ जमत नाही, पण त्याची भाषा ठणठणीत आहे. कर्त्याला ‘नं’ लागला, कर्माला ‘ला’ लागला, क्रियापद जागेवर आहे. उलट, सगळे उच्चार स्वच्छ असलेलं एखादं मूल ‘मुलानं मांजराला ढकललं’ आणि ‘मुलाला मांजरानं ढकललं’ यात कोणी कोणाला ढकललं हे सांगू शकत नाही. पहिल्याची अडचण वाचेची, दुसऱ्याची भाषेची. तोतरेपणा आणि आवाजाचे दोषही वाचेकडेच मोडतात.

भाषेत चार-पाच गोष्टी येतात. शब्द आणि त्यांचे अर्थ, शब्दाला लागणारी रूपं, वाक्याची बांधणी, घडलेलं सलग सांगता येणं, आणि कोणाशी काय, कसं बोलावं याचं भान. यातली प्रत्येक गोष्ट दोन बाजूंनी बघावी लागते: मुलाला समजते का आणि स्वतः वापरता येते का.

भाषाविकार म्हणजे या बाबतीतली अशी अडचण, जी आपोआप भरून येत नाही आणि जिच्यामुळे मुलाचं शिकणं, मैत्री, रोजचं सांगणं-ऐकणं अडतं. पूर्वी या अडचणीला डझनभर नावं होती. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डोरोथी बिशप यांच्या पुढाकारानं पन्नासहून अधिक तज्ज्ञांनी एकत्र येऊन २०१६-१७ मध्ये व्याख्या आणि नाव यांवर एकमत घडवलं. दुसरं स्पष्ट कारण नसताना भाषा अडते तेव्हा त्याला ‘विकासात्मक भाषाविकार’ म्हणायचं. कायमचा बहिरेपणा, ऑटिझम किंवा डाउन सिंड्रोम असेल, तर ‘त्या स्थितीसोबतचा भाषाविकार’ म्हणायचं. मदत दोन्ही मुलांना लागते. नावातला फरक फक्त कारणापुरता.

हे दुर्मीळ आहे असं वाटत असेल तर आकडे बघा. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ब्रूस टॉम्ब्लिन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये बालवाडीच्या वयात हे प्रमाण सुमारे ७.४ टक्के नोंदवलं. इंग्लंडमधल्या सरे परगण्यात कर्टनी नॉर्बरी यांच्या गटानं २०१६ मध्ये चार-पाच वर्षांच्या मुलांत ते ७.५८ टक्के नोंदवलं, आणि दुसऱ्या स्थितीसोबतचे भाषाविकार धरले तर जवळपास १० टक्के. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात दोन-तीन मुलं.

## ‘बोलेल की! याचा बापही उशिराच बोलला होता’

घरातल्या आजीचं हे वाक्य दिलासा म्हणून म्हटलं जातं, पण तपासणारा माणूस ते ऐकून वहीत खूण करतो. भाषेच्या अडचणी घराण्यात चालतात. जुळ्या मुलांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा मोठा वाटा दिसला आहे. (घरात कमी बोललो किंवा हातात मोबाईल दिला म्हणून हा विकार झाला, असा अपराधीपणा बाळगण्याचं कारण नाही. मुलाशी भरपूर बोलणं चांगलंच. ते कमी पडल्यामुळे हा विकार जडतो, असं मात्र नाही.)

दोन वर्षांच्या वयात ५० पेक्षा कमी शब्द, किंवा दोन शब्द जोडून बोलणं अजून सुरू नाही, अशा मुलांना उशिरा बोलणारी मुलं म्हणतात. लेस्ली रेस्कोर्ला यांनी १९८९ मध्ये ही कसोटी रूढ केली. या मुलांपैकी बरीचशी पुढे बरोबरीला येतात, त्यामुळे आजी अगदीच चुकीचं बोलत नसते. अडचण दुसरीकडेच आहे. कोणतं मूल बरोबरीला येईल हे दोन वर्षांच्या वयात खात्रीनं सांगता येत नाही, आणि पुढे भाषाविकार निघालेल्या कित्येक मुलांनी पहिले शब्द वेळेवर काढलेले असतात. ती मुलं कोणत्याच ‘उशीर झाला’ यादीत नसतात.

बोलत नाही, पण सांगितलेलं समजतं, बोट दाखवून आणि हातवारे करून आपलं म्हणणं पोचवतं, अशा मुलाबद्दल थोडं निश्चिंत राहता येतं. समजही कमी, हातवारेही कमी आणि घरात आधी कोणाला तरी भाषेची किंवा वाचनाची अडचण, असं असेल तर थांबू नये. आणि येत असलेले शब्द मूल हरवून बसत असेल, तर वय कितीही असो, लगेच दाखवावं. पाच वर्षांनंतरही टिकलेली अडचण सहसा आपोआप जात नाही.

## कान आधी

भाषेची कोणतीही तपासणी ऐकण्याच्या तपासणीशिवाय पुरी होत नाही. ‘टाळी वाजवली की वळून बघतो’ हा पुरावा नाही. टाळी मोठी असते. ‘स’, ‘श’, ‘फ’ हे आवाज बारीक आणि हलके. ते न ऐकू येणारं मूलही टाळीला वळतं. जन्मानंतर झालेली चाचणी बरोबर आली होती, हेही पुरेसं नाही. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं, कमी-जास्त होत राहतं आणि ऐकू येणं तसंच वर-खाली होतं. म्हणून चाचणी आत्ताची हवी.

## पालकांकडून काय हवं असतं

मूल काय काय बोलतं, असं विचारलं की आई-वडिलांना आठ-दहा शब्द आठवतात. तेच, शब्दांची छापील यादी समोर ठेवून ‘यातले कोणते म्हणतं?’ असं विचारलं की चित्र बरंच खरं उतरतं. आठवण्यापेक्षा ओळखणं सोपं, एवढंच त्यामागचं तत्त्व. लॅरी फेन्सन आणि सहकाऱ्यांनी केलेली मॅकआर्थर-बेट्स ही अशी प्रश्नावली जगातल्या अनेक भाषांत त्या-त्या भाषेप्रमाणे नव्यानं बांधली गेली आहे. अडीच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी ती विशेष उपयोगी पडते, कारण त्या वयाची मुलं अनोळखी माणसासमोर तोंड उघडतीलच असं नाही.

एका बाबतीत मात्र पालकांचा अंदाज हमखास फुगतो, आणि ती बाब म्हणजे समज. ‘त्याला सगळं समजतं हो, फक्त बोलत नाही.’ बाहेर जायची वेळ झाली आहे, सगळे दाराकडे निघाले आहेत, आई चपलांकडे बघत ‘चप्पल आण’ म्हणते आणि मूल आणतं. त्यात ‘चप्पल’ आणि ‘आण’ हे शब्द किती कामाला आले आणि आईची नजर, दार, रोजची सवय किती, हे सांगता येणार नाही. मूल यात लबाडी करत नसतं. परिस्थितीवरून अर्थ लावणं ही हुशारीच आहे. पण त्या हुशारीमुळेच भाषेची उणीव वर्षानुवर्षं झाकली जाते. तपासणारे म्हणून हात मांडीवर ठेवून, नजर मुलावरच ठेवून, अनपेक्षित गोष्ट सांगतात.

## खोलीत नेमकं काय चालतं

बाहेरून पाहिलं तर खेळच वाटतो. चित्रं, खेळणी, गोष्टी. प्रत्येक खेळ मात्र परिस्थितीचा एकेक आधार काढून घेण्यासाठी रचलेला असतो.

समज तपासताना चार चित्रं ठेवून एक वाक्य म्हणतात आणि योग्य चित्र दाखवायला सांगतात. ‘मांजर उंदराला पकडतं’ या वाक्यानं काही कळत नाही, कारण जगाची रीत ठाऊक असली की पुरे. ‘मुलीनं मुलाला ढकललं’ इथे दोन्ही गोष्टी तितक्याच शक्य आहेत, म्हणून सगळा भार ‘नं’ आणि ‘ला’ वर येतो. ‘ज्या मुलाला मुलगी ढकलते आहे तो मुलगा दाखव’ हे आणखी कठीण. किंवा साधी सूचना: ‘पुस्तक उचलण्याआधी दार लाव.’ पुस्तक, उचल, दार, लाव एवढेच शब्द पकडणारं मूल ऐकलेल्या क्रमानं आधी पुस्तक उचलतं आणि मग दार लावतं. घरी अशा वेळी आपण म्हणतो, ‘लक्ष नाही याचं.’

मग निरर्थक शब्द. जीन बर्को यांनी १९५८ मध्ये मुलांना कल्पित प्राण्यांची चित्रं दाखवून त्यांची अनेकवचनं विचारली. मुलांनी कधीच न ऐकलेल्या शब्दांचीही बरोबर रूपं केली, म्हणजे त्यांच्या डोक्यात पाठांतर नसून नियम असणार. मराठीत हा खेळ आणखी रंगतो. ‘हा एक टुमगा. आता आणखी एक आला. हे दोन…?’ मूल म्हणतं, ‘टुमगे’. ‘ही मुलगी चेंडू कोणाला देते आहे?’ ‘टुमग्याला’. जगात टुमगा नाही, तरी ‘टुमगाला’ न म्हणता ‘टुमग्याला’ म्हणणाऱ्या मुलाला सामान्यरूप आलं आहे. शाळेत ती व्याख्या भेटायला त्याला अजून काही वर्षं आहेत.

निरर्थक शब्दांचा दुसरा उपयोग म्हणजे ते नुसते परत म्हणायला लावणं: दोन अक्षरी, तीन अक्षरी, मग पाच अक्षरी. सुझन गॅदरकोल आणि ॲलन बॅडली यांनी १९९० मध्ये दाखवलं, की भाषेची अडचण असलेली मुलं लांब निरर्थक शब्दांवर फार लवकर घसरतात. नवा आवाज क्षणभर मनात धरून ठेवणं त्यांना जड जातं, आणि प्रत्येक नवा शब्द शिकताना आधी करावं लागतं ते हेच.

मला स्वतःला सगळ्यात कल्पक वाटते ती वाक्य परत म्हणण्याची चाचणी. ‘काल ज्या मुलीनं मला पेन दिलं, तिचा भाऊ आज आला नाही.’ यात पोपटपंचीच तर आहे, मग भाषा कुठे तपासली, असं वाटेल. पण एवढं लांब वाक्य नुसत्या आवाजाच्या आठवणीवर धरता येत नाही. ऐकणारा त्याचा अर्थ लावतो आणि अर्थावरून वाक्य पुन्हा बांधतो. बांधकामाचं सामान अपुरं असेल तर बाहेर येतं, ‘मुलीनं पेन दिलं, भाऊ नाही आला.’ आशय जवळपास शाबूत, सांगाडा मोडलेला. जीना कॉन्टी-रॅम्सडेन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अकरा वर्षांच्या मुलांवर वेगवेगळ्या चाचण्या ताडून पाहिल्या, तेव्हा हीच सगळ्यांत सरस ठरली. अडचण असलेल्यांपैकी ९० टक्के मुलं तिनं पकडली आणि अडचण नसलेल्यांपैकी ८५ टक्के मुलं योग्य रीतीनं बाजूला काढली.

आणि शेवटी मोकळं बोलणं. चित्रांवरून गोष्ट सांगणं, खेळता खेळता गप्पा. त्या रेकॉर्ड करून शब्दन् शब्द लिहून काढतात. मूल ‘ते’, ‘हे’, ‘तिकडे’ यांवरच भागवतं का? ‘ते नाही का, ज्यानं कापतात ते’ असं वारंवार होतं का? गोष्टीत कोण कुठून आलं हे न बघितलेल्या माणसाला कळेल का? रॉजर ब्राउन यांनी १९७३ मध्ये वाक्याची सरासरी लांबी मोजण्याची पद्धत रूढ केली. ती अजून वापरतात, पण इंग्रजीतले आकडे उचलून मराठीला लावले तर फसगत होते. ‘दिलीस’ या एका शब्दात क्रिया, काळ, दिलेल्या वस्तूचं लिंग आणि देणारा ‘तू’ असं सगळं आहे.

हे काम वेळखाऊ आहे. दहा मिनिटांच्या बोलण्याचं लेखन आणि विश्लेषण करायला तासभर सहज जातो, म्हणून गर्दीच्या ठिकाणी नेमका हाच भाग गाळला जातो. ते चुकीचंच आहे, कारण मूल रोजच्या बोलण्यात कुठे अडतं हे दुसऱ्या कशातून इतकं उघड दिसत नाही.

## रिपोर्टमधला ७८ म्हणजे काय

बऱ्याच चाचण्यांत गुण अशा पट्टीवर देतात, की त्या वयाच्या मुलांची सरासरी १०० येते आणि दोन तृतीयांशाहून थोडी जास्त मुलं ८५ ते ११५ यांच्यामध्ये बसतात. ७८ म्हणजे शंभरात ७८ गुण नव्हेत. त्या वयाच्या शंभर मुलांपैकी साधारण सात मुलं या मुलाच्या मागे आहेत, असा त्याचा अर्थ.

मग विकार कुठून सुरू होतो? कोणी ८१ च्या आसपास रेघ मारतं, कोणी ७७-७८ ला, कोणी ७० ला. आयोवाच्या अभ्यासाची रेघ आणि सरेच्या अभ्यासाची रेघ एक नव्हती. ही रेघ निसर्गानं मारलेली नाही. टॅमी स्पॉल्डिंग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये बाजारातल्या ४३ चाचण्या तपासल्या, तेव्हा सगळ्यांना सरसकट एकच रेघ लावण्याला आधार मिळाला नाही. त्यात प्रत्येक मोजमापाला थोडी हलती जागा असते. आज ७८ आलेलं मूल, झोप नीट झालेली असती तर ८१ वर गेलं असतं. म्हणून चांगल्या रिपोर्टमध्ये एका आकड्याऐवजी ‘७३ ते ८३’ अशी कक्षा दिलेली असते.

आता थोडं गणित, कारण सगळ्यात मोठा गैरसमज इथे होतो. ९० आणि ८५ टक्क्यांची ती उत्तम चाचणी घेऊन शाळेतल्या सरसकट १००० मुलांना बसवलं असं समजा. त्यांतल्या ७० जणांना भाषाविकार आहे. चाचणी ६३ जणांना पकडेल. उरलेल्या ९३० निरोगी मुलांपैकी १५ टक्के, म्हणजे सुमारे १४० जणही तिच्यात अडकतील. एकूण दोनशेवर मुलं ‘नापास’, आणि त्यांत खरोखर अडचण असलेली तिघांत एक. चाळणीचंच आहे हे: भोकं बारीक ठेवली तर दाण्यांबरोबर खडेही वर राहतात, मोठी केली तर दाणेच खाली जातात. चाळून झाल्यावर निवडावं लागतंच. शाळेत घेतलेल्या वीस मिनिटांच्या चाचणीत मूल अडकलं, तर पुढची पूर्ण तपासणी करायची, एवढाच त्याचा अर्थ.

याच गणिताची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. समजा, पालकांना किंवा शिक्षकांना काळजी वाटते म्हणून आणलेली १०० मुलं आहेत आणि त्यांतल्या ५० जणांना खरंच विकार आहे. तीच चाचणी ४५ जणांना बरोबर पकडेल आणि फक्त सात-आठ जणांना चुकीचं अडकवेल. चाचणी तीच, पण आता तिच्या ‘हो’ वर भरवसा कितीतरी जास्त. पालकांची काळजी हा म्हणजे पुराव्याचाच एक भाग आहे, आणि ‘तुम्ही उगाच काळजी करता’ म्हणणारा डॉक्टर हातातला पुरावा फेकून देत असतो.

## ‘घरात दोन भाषा आहेत, म्हणून गोंधळलाय’

दोन किंवा तीन भाषा ऐकत वाढल्यामुळे भाषाविकार होत नाही. एका वाक्यात दोन भाषांचे शब्द मिसळणं हे गोंधळाचं लक्षण नाही. मोठी माणसंही दिवसभर तेच करतात. ‘एकच भाषा बोला’ हा सल्ला अजून सर्रास दिला जातो. त्यातून मुलाला फायदा होतो असं दिसलेलं नाही, आजी-आजोबांशी बोलणं मात्र तुटतं.

तपासणी अवघड होते, हे खरं. दोन भाषांतल्या मुलाचा शब्दसाठा वाटलेला असतो. स्वयंपाकघरातले शब्द एका भाषेत, शाळेतले दुसरीत. एकाच भाषेत मोजलं तर मूल मागे दिसणार. म्हणून दोन्ही भाषा तपासायच्या आणि एखादी कल्पना कोणत्याही एका भाषेत येत असेल तरी ती धरायची. खरा भाषाविकार दोन्ही भाषांत दिसतो. एकच भाषा कच्ची असेल तर ती कानावर कमी पडली असण्याची शक्यता जास्त.

मग इंग्रजी चाचणीचं भाषांतर करून वापरायला काय हरकत आहे? हरकत अशी, की विकार प्रत्येक भाषेत वेगळ्या ठिकाणी डोकं वर काढतो. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांत तो क्रियापदाच्या शेवटी लागणाऱ्या काळाच्या खुणा गळण्यातून दिसतो. इटालियन मुलांना क्रियापदाची रूपं त्या मानानं जमतात. ती अडखळतात छोट्या, जोर न देता उच्चारल्या जाणाऱ्या सर्वनामांवर. जर्मनमध्ये क्रियापदाची वाक्यातली जागा चुकते. म्हणजे भाषांतरित चाचणी भलतीच जागा टोकरत बसते. शिवाय एका भाषेतला सोपा शब्द दुसरीत अवघड असू शकतो, आणि मुळात तुलना ज्या मुलांशी करायची ती मुलंच वेगळी असतात. अशा चाचणीचे गुण आकडा म्हणून छापून देणं मला तरी अप्रामाणिकपणाचं वाटतं. ‘काय जमलं, काय नाही’ एवढं वर्णन तिच्यावरून करता येतं.

या कोंडीतून वाट काढण्यासाठी युरोपातल्या संशोधकांनी २००९ ते २०१३ या काळात द्विभाषिक मुलांसाठी साधनांचा एक संच केला. त्यात वाक्य परत म्हणणं, निरर्थक शब्द आणि चित्रांवरून गोष्ट सांगणं ही कामं प्रत्येक भाषेत मुळापासून बांधली जातात. निरर्थक शब्द तर आधी कोणीच ऐकलेले नसतात, त्यामुळे तिथे घरच्या शब्दसाठ्याचा फायदा-तोटा बराच कमी होतो.

दुसरी वाट मला जास्त आवडते: शिकवून बघायचं. एलिझाबेथ पेन्या यांनी यावर बरंच काम केलंय. आधी तपासायचं, मग थोडा वेळ तीच गोष्ट शिकवायची, मग पुन्हा तपासायचं. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की म्हणत असत, की मुलाला एकट्याला काय जमतं याच्या जोडीनं, मदत मिळाल्यावर काय जमतं हेही बघितलं पाहिजे. ज्या मुलाला संधीच मिळाली नव्हती ते चटकन उचलतं. ज्याला भाषाविकार आहे त्याला बरीच मदत लागते आणि शिकलेलं नव्या वाक्यात नेता येत नाही. पहिल्या दिवशी दोघांचे गुण सारखेच होते.

## ‘मग हा बुद्धीचा प्रश्न तर नाही ना?’

एके काळी बुद्ध्यंक आणि भाषा यांत ठरावीक अंतर असल्याशिवाय निदान देत नसत. म्हणजे भाषा ७२ आणि चित्रकोड्यांसारख्या शब्दांविना सोडवायच्या चाचणीतले गुण ८०, तर मूल दोन्हीकडून बाद, मदत नाही. तज्ज्ञांच्या २०१६-१७ च्या एकमतात ही अट काढून टाकली. सरेच्या अभ्यासातही, सरासरी बुद्ध्यंक असलेल्या आणि सरासरीच्या थोड्या खाली असलेल्या मुलांच्या भाषेच्या अडचणीत आणि शाळेतल्या प्रगतीत फारसा फरक आढळला नाही. बुद्धीची चाचणी करावी लागली तर ती शब्दांवर न विसंबणारी असावी, नाहीतर भाषेची अडचण बुद्धीच्या नावावर मांडली जाते.

ऑटिझमबद्दल थोडक्यात: भाषाविकार असलेलं मूल शब्द नसले तरी नजर, हातवारे, ओढाओढ करून आपल्यापर्यंत पोचायला धडपडतं. ऑटिझममध्ये ही देवाणघेवाणच वेगळ्या तऱ्हेची असते आणि वागण्यात साचेबंदपणा असतो. दोन्ही एकत्रही असू शकतं. निवाडा खोलीतल्या तासाभरावर न सोडता घर आणि शाळा दोन्हींकडून माहिती घ्यावी लागते.

## ‘लेबल लावून काय साधतं?’

आयोवाच्या अभ्यासात भाषाविकार निघालेल्या मुलांपैकी फक्त २९ टक्के मुलांच्या पालकांना आधी कोणी तरी सांगितलं होतं, की तुमच्या मुलाला बोलण्याची किंवा भाषेची अडचण आहे. बाकीच्यांवर लेबल नव्हतं असं मात्र नाही. आळशी, हट्टी, धांदरट, ‘लक्ष देत नाही’, ही लेबलं त्यांना फुकट मिळालेली असतात. २०१४ मध्ये ॲलेक्झांड्रा होलो आणि सहकाऱ्यांनी २२ अभ्यास एकत्र केले. वागणुकीच्या किंवा भावनिक अडचणींसाठी मदत घेणाऱ्या आणि भाषेची तपासणी कधी न झालेल्या मुलांपैकी ८१ टक्के मुलांची भाषा सौम्य ते तीव्र प्रमाणात कच्ची निघाली. म्हणजे शिक्षा होत होती ती बऱ्याचदा सूचना न कळल्याबद्दल.

निदानानं नक्कीच धास्ती वाटते, आणि मुलाला तेवढ्या एकाच नावानं ओळखण्याचा धोकाही खराच. त्यावर उपाय चांगला रिपोर्ट हाच आहे. नुसता आकडा आणि एक निदान असलेला कागद घेऊन घरी येऊ नका, विचारा. कोणत्या भाषेत तपासलं? तुलना कोणत्या मुलांशी केली? समज किती आणि बोलणं किती, वेगवेगळं सांगा. कोणती वाक्यं कळत नाहीत, दोन उदाहरणं द्या. वर्गात शिक्षकांनी उद्यापासून काय बदलायचं? ‘सूचना तोडून, घडण्याच्या क्रमानं द्या’ एवढं एक वाक्यही कधी कधी वर्षाची ओढाताण वाचवतं.

आणि पुन्हा तपासाल तेव्हा एका गोष्टीनं निराश होऊ नका. पाचव्या वर्षी ७८ होते, दोन वर्षं थेरपी घेतली, सातव्या वर्षी पुन्हा ७८. पैसे आणि वेळ वाया गेला, असं वाटून कित्येक पालक इथेच थांबतात. पण ही पट्टी वयानुसार सरकते. सात वर्षांच्या मुलांच्या सरासरीशी तुलना करून ७८ आले, म्हणजे बाकीची मुलं दोन वर्षांत जेवढं पुढे गेली, साधारण त्याच वेगानं हेही गेलं. खरी वाढ बघायची तर दोन्ही वेळचे कच्चे गुण, म्हणजे किती उत्तरं बरोबर आली तो साधा आकडा, मागून घ्या, आणि जमलं तर दोन वर्षांपूर्वीची आणि आजची, मुलानं सांगितलेली गोष्ट शेजारी शेजारी लिहून वाचा.